वीजधोरण आणि वीजसुधारणा: विकसनशील देशांत या क्षेत्रात काम करायचं तर नेमकं काय यायला हवं?

रोहित्र

ऊर्जाधोरणात काम करू पाहणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. कोणती पदव्युत्तर पदवी घेऊ, जागतिक बँकेत शिरकाव कसा होतो, हवामानबदलाच्या अंगाने जाऊ की अर्थशास्त्राच्या. ते सगळं पुढे प्रतिसादांत येईलच. त्याआधी एक गोष्ट मांडतो, कारण ती कळली नाही तर बाकीचं शिक्षण अधांतरी राहतं.

गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत वीजसुधारणेचं घोडं अडतं ते वितरण कंपनीपाशी. सौरप्रकल्प असो, पारेषण वाहिनी असो की खेड्यापाड्यात वीज नेणं असो, पैसा शेवटी घरोघरच्या आणि कारखान्यांच्या बिलांतूनच यायचा असतो. तो आला नाही की वितरण कंपनी निर्मिती कंपनीचे पैसे थकवते, निर्मिती कंपनी इंधनवाल्याचे थकवते, आणि सगळी साखळी कर्जात जाते. पाकिस्तानात याच साखळीला ‘चक्री कर्ज’ म्हणतात आणि तिथल्या प्रत्येक अर्थसंकल्पात ते डोकं वर काढतं.

म्हणून सुरुवात अशी करा. कुठल्याही एका वितरण कंपनीचा दरवाढीचा अर्ज आणि त्यावरचा नियामक आयोगाचा, म्हणजे वीजदर ठरवणाऱ्या संस्थेचा, आदेश घ्या. बहुतेक आयोगांच्या संकेतस्थळांवर ते फुकट मिळतात. चारशे-पाचशे पानं असतील, पण वाचायची रीत आहे. पहिल्यांदा ऊर्जेचा ताळेबंद: किती युनिट विकत घेतले, पारेषणात किती गेले, वितरणाच्या जाळ्यात किती शिरले, बिल कितीचं झालं. मग वीजखरेदीचा खर्च, कारण सगळ्यात मोठा आकडा बहुधा तोच असतो. नंतर देखभाल-दुरुस्ती, पगार, घसारा, व्याज, भांडवलावरचा परतावा. यांची बेरीज म्हणजे वार्षिक महसुली गरज. चालू दराने येणारा महसूल त्यातून वजा केला की तूट दिसते. आता बघायचं की ही तूट आयोगाने कशी भरली: दर वाढवून, सरकारी अनुदान गृहीत धरून, की ‘पुढच्या वर्षांत वसूल करू’ म्हणून बाजूला ठेवून. तिसरा मार्ग दिसला की थांबा आणि मागच्या पाच वर्षांचे आदेश काढा. तुंबलेली रक्कम व्याजासकट कशी फुगत गेली ते तिथे सापडतं.

प्रत्येक खर्चाच्या बाबीत कंपनीने मागितलेला आणि आयोगाने मान्य केलेला आकडा शेजारी-शेजारी मांडा. फरकाचं कारण आदेशातच लिहिलेलं असतं. हे सगळं स्वतःच्या एक्सेलमध्ये पुन्हा उभं करा. तुमचा सरासरी दर आदेशातल्या दराशी जुळला, तर समजा पाया झाला.

कुतूहल

वीजगळतीबद्दल विचारायचं होतं. बातम्यांत एकच टक्केवारी येते. ती तांत्रिक हानी (तारांत आणि रोहित्रांत उष्णता होऊन जाणारी वीज) असते, चोरी असते की थकबाकी?

अर्थमात्रा

तिन्ही मिळून. तांत्रिक-वाणिज्यिक गळतीचं सूत्र असं: बिलिंगची कार्यक्षमता गुणिले वसुलीची कार्यक्षमता, आणि ते एकातून वजा. समजा जाळ्यात १०० युनिट शिरले, ८५ चं बिल झालं आणि बिलाच्या रकमेपैकी ९५ टक्के वसूल झाली. ०.८५ गुणिले ०.९५ म्हणजे ०.८०७५. गळती १९.२५ टक्के. यातले १५ टक्के युनिटच हिशेबाबाहेर गेले, उरलेलं वसुलीतलं.

इथे दोन लबाड्या हमखास होतात. एक, मागच्या वर्षांची थकबाकी या वर्षी वसूल झाली की ती याच वर्षाच्या वसुलीत मिळवतात, आणि वसुलीची कार्यक्षमता १०० च्या वर जाते. दुसरी, सरकारने जाहीर केलेलं पण न दिलेलं अनुदान ‘मिळालं’ म्हणून दाखवतात. भारताच्या २००३ च्या वीज कायद्यातलं कलम ६५ सांगतं की सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम आगाऊ भरावी. म्हणून जाहीर किती झालं आणि बँकेत जमा किती झालं, हे दोन वेगळे स्तंभ मागून घ्यायचे. बहुतेकदा उत्तर तिथेच असतं.

दीपमाळ

वरच्या मुद्द्याला जोडून: मीटर नसलेल्या शेतीपंपांचा वापर ही गळती लपवायची सगळ्यात सोयीची जागा असते. तपासायला फारसं गणित लागत नाही.

पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे ३.७३ किलोवॉट. कंपनीने अशा पंपामागे वर्षाला ९००० युनिट वापर दाखवला असेल तर ९००० भागिले ३.७३, म्हणजे सुमारे २४१३ तास. शेतीला दिवसाला आठ तास वीज मिळत असेल तर पंप वर्षातले ३०१ दिवस, मिळेल तितका पूर्ण वेळ, पूर्ण भाराने चालला असा त्याचा अर्थ. पावसाळा धरा, दोन पिकांमधला मोकळा काळ धरा, फीडर (उपकेंद्रातून वीज पुढे नेणारी वाहिनी) बंद पडण्याचे दिवस धरा. हे बसत नाही. मग वरचे युनिट कुठले? शहरातल्या चोरीचे, नादुरुस्त मीटरांचे, किंवा गावठाणाच्या वाहिनीवरचे. नावावर मात्र शेतकऱ्याच्या पडतात, आणि अनुदानाचा आकडा फुगतो.

नोंदवही

दीपमाळ, हिशेब बरोबर, पण निष्कर्ष काढायची घाई नको. पाच अश्वशक्ती हा मंजूर भार. प्रत्यक्षात साडेसात किंवा दहाची मोटर बसवलेली असते, कारण पाणी खोल गेलेलं असतं आणि अर्ज करून भार वाढवायला कुणी जात नाही. शिवाय तीन-चारदा वाइंडिंग केलेली मोटर त्याच कामाला जास्त वीज ओढते. म्हणून फीडरवरच्या मीटरची तासातासाची नोंद मागवा. शेतीचा फीडर वेगळा काढलेला असेल तर त्यावर दुसरा भार फारसा नसतो. शिरलेले युनिट घ्या, त्यातून तांत्रिक हानी वजा करा, राहिलेल्याला पंपांच्या संख्येने भागा. मग नमुन्यादाखल तीस-चाळीस पंपांवर जाऊन क्लॅम्प मीटरने प्रत्यक्ष प्रवाह मोजा. दोन्ही आकडे जुळले तर बोलायला तोंड आहे.

गुजरातने २००३ पासून ज्योतीग्राम योजनेत शेतीचे आणि गावाचे फीडर वेगळे केले, त्याचा गवगवा झाला तो गावात चोवीस तास वीज आल्याचा. धोरणाच्या दृष्टीने तितकीच मोठी गोष्ट म्हणजे शेतीत जाणारी वीज पहिल्यांदा वेगळी मोजता आली.

दीपमाळ

मान्य. मंजूर भाराचा मुद्दा लिहायचा राहिला होता. बिलांच्या माहितीतली अजून एक खूण सांगते. घरगुती ग्राहकांच्या मासिक वापराचा आलेख काढा, आडव्या अक्षावर युनिट आणि उभ्यावर ग्राहकसंख्या. १०० युनिटांना दराचा टप्पा बदलत असेल आणि ९५ ते १०० च्या दरम्यान अचानक सुळका दिसला, तर रीडिंग घेणारा आणि ग्राहक यांच्यात काहीतरी समजूत आहे. शिवाय ‘लॉक’, ‘फॉल्टी’, ‘रीडिंग नाही’ असे शेरे किती टक्के बिलांवर आहेत आणि तोच शेरा किती महिने टिकून आहे, ते मोजा.

उत्तरवारा

वितरणाचं चांगलं चाललंय, पण करारांकडेही वळा. देश बुडतात ते पुष्कळदा वीजखरेदी करारांत.

साधा नमुना: ३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प, स्थिर आकार (वीज घ्या वा न घ्या, प्रकल्प तयार ठेवल्याबद्दल द्यायची रक्कम) ८५ टक्के उपलब्धतेवर ठरलेला. वर्षाचे ८७६० तास धरले तर ८५ टक्क्यांना सुमारे २२३ कोटी युनिट होतात. या उत्पादनावर स्थिर आकार युनिटला ३ पडेल अशी रक्कम ठरवली. चलन कुठलंही घ्या. आता मागणी कमी निघाली आणि प्रकल्प ४० टक्केच चालला, म्हणजे १०५ कोटी युनिट. प्रकल्प उपलब्ध असल्यामुळे स्थिर आकाराची रक्कम तीच द्यायची. युनिटमागे तो आता ६.३७ पडतो, इंधन वेगळं. त्यात ही रक्कम डॉलरशी बांधलेली असेल आणि चलन घसरलं, तर एक युनिट जास्त न घेता बिल वाढतं. दाभोळचं प्रकरण आपल्याकडे राजकारण म्हणून आठवलं जातं. त्याचा गाभा मात्र हाच होता: डॉलरशी जोडलेला दर, महाग इंधन, आणि न घेतलेल्या विजेचेही पैसे.

घानाचं उदाहरण जास्त शिकवणारं आहे. २०१२ ते २०१५ मध्ये तिथे भीषण भारनियमन होतं. घाबरून सरकारने भराभर करार केले. २०१९ मध्ये अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की न वापरलेल्या क्षमतेपोटी वर्षाला ५० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जाते आहे.

याच्या मुळाशी मागणीचा अंदाज असतो. आज ५००० मेगावॉट मागणी असेल आणि वाढ वर्षाला १० टक्के धरली, तर दहा वर्षांनी १२,९७० मेगावॉट होते. ६ टक्के धरली तर ८९५०. फरक चार हजार मेगावॉटचा. एक्सेलच्या एका चौकटीतला आकडा बदलला की पंचवीस वर्षांचं ओझं ठरतं. म्हणून कुठलाही आराखडा हाती आला की मागच्या आराखड्यातला अंदाज आणि प्रत्यक्ष मागणी आधी शेजारी मांडा. मंत्रालयाचा अंदाज दर वेळी एकाच बाजूला चुकत असेल तर ते बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत सांगा.

कुतूहल

मग नुसत्या स्पर्धात्मक बोली लावल्या की प्रश्न सुटतो का?

उत्तरवारा

दर उतरतात, हे नक्की. दक्षिण आफ्रिकेने २०११ पासून अक्षय ऊर्जेच्या बोली घेतल्या आणि पुढच्या फेऱ्यांमध्ये सौर विजेचे दर झपाट्याने खाली आले. सगळी कागदपत्रं, करारांचे मसुदेसुद्धा, बोलीआधीच ठरलेले होते, वाटाघाटीला जागा नव्हती. हे फार महत्त्वाचं. पण नंतर सरकारी वीज कंपनीने सह्याच अडवून धरल्या आणि काम काही वर्षं ठप्प झालं. खरेदीदाराचं हित बोलीच्या विरुद्ध असेल तर बोलीचा आराखडा कितीही चोख असून उपयोग नाही.

उलट टोक व्हिएतनामचं. बोलीऐवजी ठरावीक दर दिला, युनिटला ९.३५ सेंट, आणि मुदत ३० जून २०१९. चार हजार मेगावॉटहून जास्त सौरप्रकल्प त्या तारखेच्या आत जोडले गेले, त्यातले पुष्कळसे निन्ह थुआन आणि बिन्ह थुआन या भरपूर उन्हाच्या दोन प्रांतांत. तिथून वीज बाहेर न्यायला वाहिन्याच पुरेशा नव्हत्या, त्यामुळे तयार वीज घेता येईना. प्रकल्प सहा-आठ महिन्यांत उभा राहतो, उच्चदाबाच्या वाहिनीला जमीन आणि परवानग्यांसकट तीन ते पाच वर्षं लागतात. दर जाहीर करण्याआधी कुठल्या उपकेंद्रावर किती मेगावॉट मावतात याची यादी छापली असती तर निम्मा गोंधळ टळला असता.

अर्थमात्रा

खासगीकरणाबद्दलही लिहायला हवं, कारण ‘सुधारणा’ म्हटलं की पुष्कळांना तेवढंच आठवतं.

चिलीने १९८२ च्या कायद्याने निर्मिती, पारेषण, वितरण वेगळं करायचा मार्ग दाखवला आणि पुढे तोच साचा देणगीदार संस्थांनी जगभर नेला. ओडिशात १९९६ मध्ये सुधारणा लागू झाली, १९९९ मध्ये वितरण खासगी झालं. त्याच वर्षी महाचक्रीवादळ आलं. पण खरं दुखणं आधीचं होतं: कागदावर मानलेल्या गळतीपेक्षा प्रत्यक्ष गळती बरीच जास्त निघाली. मीटरिंग न करता आधारवर्षाची, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या सुरुवातीच्या वर्षाची, गळती ठरवली की हे होणारच. नायजेरियातही २०१३ मध्ये ११ वितरण कंपन्या विकताना नेमकी अशीच अडचण झाली. वर दर मात्र खर्चाला पुरेसा वाढू दिला नाही.

युगांडात वितरण २० वर्षांसाठी खासगी कंपनीला चालवायला दिलं, तो करार पाहण्यासारखा आहे. २००५ मध्ये गळती ३८ टक्क्यांच्या आसपास होती, ती २० च्या खाली आली. सुधारणा झाली हे नाकारता येत नाही. तरी मार्च २०२५ मध्ये करार संपताना वसूल न झालेल्या गुंतवणुकीची रक्कम किती यावर भांडण झालं आणि प्रकरण लवादाकडे गेलं. धडा असा की कराराच्या शेवटच्या दिवसाचं गणित पहिल्याच दिवशी लिहून ठेवायचं: कुठली मालमत्ता, कुठल्या घसाऱ्याने, कोण तपासणार, मतभेद झाला तर वाद नसलेली रक्कम किती दिवसांत द्यायची.

खासगी की सरकारी यावर वाद घालण्यात तरुण मंडळी फार वेळ घालवतात. आधारवर्षाची मोजणी आणि दराची शिस्त नसेल तर दोन्ही फसतात.

दीपमाळ

दर आणि अनुदान हा विषय सुटून चालणार नाही. तिथे अर्थशास्त्र येतं आणि माणसंही.

टप्प्यांचे दर घ्या. पहिल्या ५० युनिटांना ३ आणि पुढे ८ असा दर असेल, तर ४०० युनिट जाळणाऱ्या बंगल्यालाही पहिल्या ५० युनिटांवर २५० ची सवलत मिळते. उपाय म्हणून ‘मर्यादेबाहेर गेलात तर सगळेच युनिट महाग’ असं केलं, तर ५१ व्या युनिटाला बिल एकदम उडी मारतं. आणि एका मीटरवर तीन-चार कुटुंबं राहत असतील, जे शहरांतल्या गरीब वस्त्यांत सर्रास असतं, तर सगळ्यात गरीब घरं सगळ्यात महाग टप्प्यात जातात. म्हणून दर आखण्याआधी मीटरमागे घरं किती याचा नमुना सर्वेक्षणातून घ्यायलाच हवा. तो न घेता केलेला ‘गरीबांसाठीचा’ दर गरीबांवरच उलटतो.

अनुदान कमी करायच्या वेळेचं आणि वेगाचं महत्त्व दोन उदाहरणांत दिसतं. नायजेरियाने १ जानेवारी २०१२ ला पेट्रोलवरचं अनुदान एका रात्रीत काढलं. लिटरचा दर ६५ नायराचा दुपटीहून जास्त झाला, देशव्यापी संप झाला आणि पंधरवड्यात तो ९७ वर आणावा लागला. भारताने जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला सुमारे ५० पैशांनी वाढवलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये, जागतिक दर उतरल्यावर, नियंत्रण उठवलं. इराणने २०१० मध्ये तिसराच मार्ग धरला: दर वाढवण्याआधी कुटुंबांच्या खात्यांत रोख रक्कम जमा केली. मात्र ती रक्कम महागाईशी जोडलेली नव्हती, त्यामुळे काही वर्षांत तिची किंमत झिजली. असं काही आखताना रकमेची वाढ कशाशी बांधायची, हे पहिल्याच मसुद्यात लिहा.

कुतूहल

आता नोकरीचं सांगा. दारं कोणती आहेत?

नोंदवही

पाच-सहा आहेत, आणि ती सारखी नाहीत.

नियामक आयोगाचा कर्मचारीवर्ग ही शिकण्याची सगळ्यात चांगली जागा, पण कंत्राटं लहान असतात आणि पुष्कळ ठिकाणी माणसं वीज कंपनीतूनच प्रतिनियुक्तीवर आलेली असतात. त्यांना परत तिथेच जायचं असतं, हे ध्यानात ठेवूनच त्यांचे आकडे वाचावे लागतात. वितरण कंपनीचा नियामक कक्ष कुणाला आकर्षक वाटत नाही, पण कच्ची माहिती तिथेच असते. सल्लागार कंपनीत वेगवेगळे देश दिसतात. तिथला धोका असा की तीन आठवड्यांत अहवाल द्यायचा म्हणून मागच्या देशाचा अहवाल पुढच्याला चिकटवायची सवय लागते. ग्राहकांच्या बाजूने काम करणाऱ्या संस्थांत पगार कमी, पण आयोगापुढे उभं राहून मांडणी करायचं शिक्षण दुसरीकडे मिळत नाही.

विकास बँकांबद्दल: जागतिक बँकेच्या तरुण व्यावसायिक योजनेला वयाची मर्यादा ३२ आहे आणि स्पर्धा प्रचंड. प्रत्यक्षात बहुतेकांची सुरुवात अल्पमुदतीच्या सल्लागार करारावर होते, आर्थिक वर्षात जास्तीत जास्त १५० दिवस. त्यासाठी जाहिरातीची वाट पाहण्यात अर्थ नाही. प्रकल्पप्रमुखाला तुमचं एखादं नेमकं काम माहीत असावं लागतं. अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी असेल तर ओडीआय या लंडनमधल्या विकासधोरण संशोधन संस्थेची फेलोशिप बघा. त्यात विकसनशील देशाच्या मंत्रालयात साधारण दोन वर्षं, तिथला कर्मचारी म्हणून काम असतं. बाहेरचा तज्ज्ञ आणि फाइल पुढे सरकवणारा अधिकारी यांतला फरक तिथे कळतो.

रोहित्र

शिक्षणाचं थोडक्यात. विद्युत अभियंत्याने नियमनाचं अर्थशास्त्र आणि प्रकल्पवित्त शिकावं. अर्थशास्त्रज्ञाने भार-आलेख, पॉवर फॅक्टर, लघुदाब-उच्चदाब हे प्रत्यक्ष उपकेंद्रावर जाऊन समजून घ्यावं. वकिलांची तर टंचाईच आहे. केप टाउन विद्यापीठात आफ्रिकेतल्या वीजसुधारणांवर नेटाने काम चालतं, आणि फ्लोरिडा विद्यापीठ जागतिक बँकेबरोबर नियामकांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग घेतं. आराखड्यांसाठी ओसमोसिस, लीप, पायप्सा या ऊर्जानियोजनाच्या संगणक प्रणालींपैकी एक नीट शिका. तिन्हींची तोंडओळख कामाची नाही. प्रणाली शिकताना तिला लागणारी माहिती कुठून आणि कोणाच्या सहीने येते तेही लिहून ठेवा. सल्लागार गेल्यावर मंत्रालयात ती चालवणारा कुणी उरत नाही, म्हणून कितीतरी प्रणाली धूळ खात पडल्यात.

आणि लिहायला शिका. मंत्रिमंडळापुढची टिपणी दोन पानांची असते: निर्णय काय हवा, न घेतल्यास कधी आणि किती रकमेचा फटका, कुणाचं बिल कितीने वाढेल, पर्याय कोणते. आठ-दहा प्रातिनिधिक ग्राहकांचं आजचं आणि उद्याचं बिल त्यात असायलाच हवं. मंत्री पहिल्यांदा तोच तक्ता बघतात.

कुतूहल

हाताशी नोकरी नसताना अनुभव दाखवायचा कसा?

नोंदवही

जाहीर सुनावणीत हरकत दाखल करा. भारतात कलम ६४ प्रमाणे अर्जावर हरकती मागवाव्याच लागतात आणि आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. केनिया, दक्षिण आफ्रिका, फिलिपिन्स इथेही लोकांचं म्हणणं ऐकण्याची तरतूद आहे. हरकत मोठी नको. एका मुद्द्याला एक परिच्छेद: अर्जातला तक्ता क्रमांक आणि पान, तिथला आकडा, तुमचा आकडा, फरक कशामुळे, आयोगाने काय करावं. शपथपत्र जोडायचं असेल तर नमुना आयोगाच्या विनियमांतच असतो. मुदत चुकवू नका, मुदतीनंतरची हरकत बहुधा नोंदीवरही येत नाही. आदेश निघाला की तुमच्या मुद्द्यावरचं कंपनीचं उत्तर आणि आयोगाचं मत दोन्ही छापून येतात. तो परिच्छेद आणि मागचा एक्सेल अर्जासोबत पाठवा.

कुतूहल

ज्या देशात आयोग आदेशच छापत नाही, तिथे?

अर्थमात्रा

महालेखापालांचे अहवाल, कंपनीचे लेखापरीक्षित ताळेबंद, आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे देश-अहवाल. ताळेबंदात ‘येणी’ या सदराखाली सरकारी खात्यांची थकबाकी किती दिवसांची आहे ते आधी बघा. मग लेखापरीक्षकांचे शेरे वाचा, तेही मागच्या तीन वर्षांचे एकत्र ठेवून. तोच शेरा तिन्ही वर्षी आला असेल तर कामाला तिथूनच लागा.